दोन टनी घडीची इंजिन क्रेन आणि लेव्हलर: तीन इंजिनं काढून झाल्यावर लिहितोय

क्रेन घेऊन आता दोन वर्षं होत आली. या काळात तिच्यावर तीन इंजिनं बाहेर काढली, त्यातली दोन परत बसवली आणि तिसरं सध्या इंजिन स्टँडवर (इंजिन अडकवून ठेवायची चाकांची घोडी) आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही असं वाटलं. खोक्यातून काढून जोडली आणि छान वाटली म्हणून लगेच लिहिण्यात काही अर्थ नसतो, ही वस्तू कशी आहे ते वजन लटकलेलं असताना, एक हात हँडलवर आणि नजर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत) असतानाच कळतं.

आधी निकाल सांगून टाकतो. क्रेनला पाचपैकी चार, सोबत वेगळा घेतलेला लेव्हलर (इंजिन लटकत असताना त्याचा कोन बदलायची, हूकखालची दांडी) आहे त्याला साडेचार, आणि लेव्हलरबरोबर आलेल्या बोल्टना शून्य. का ते खाली सविस्तर लिहितो.

सगळे पहिला प्रश्न विचारतात की किती टनाची घेऊ. मीसुद्धा हेच विचारत फिरलो होतो. पण जरा हिशोब करून बघा, चार सिलेंडरचं कास्ट आयर्न ब्लॉकचं इंजिन साधारण दीडशे किलोच्या आसपास असतं, गिअरबॉक्स धरला तर अजून पस्तीस-चाळीस, अॅल्युमिनियम ब्लॉकचं छोटं इंजिन तर शंभरच्या आत येतं, आणि मोठं डिझेल असलं तरी घरगुती कामात अडीचशे-तीनशेच्या पुढे क्वचितच जातं. मग दोन टन कशाला? तर तो दोन टनाचा आकडा बूम, म्हणजे क्रेनचा हूक धरणारा लांब हात, पूर्ण आत असतानाचा आहे. बूमला चार भोकं असतात, पिन काढून आतला पाइप बाहेर ओढायचा आणि पुढच्या भोकात पिन घालायची. माझ्या क्रेनवर पहिल्या भोकाशी २००० किलो लिहिलंय, दुसऱ्याशी १५००, तिसऱ्याशी १००० आणि शेवटच्याशी ५००. आणि गाडीचं नाक, बंपर, रेडिएटरची चौकट हे सगळं ओलांडून हूक इंजिनाच्या मधोमध आणायचा म्हटलं की बूम बाहेर काढावाच लागतो, मला तीनपैकी दोन वेळा शेवटच्या भोकावर काम करावं लागलं. म्हणजे माझी दोन टनी क्रेन प्रत्यक्षात अर्ध्या टनाची क्रेन होती. एक टनी घेतली असती तर शेवटच्या भोकावर आणखी कमी उरलं असतं. म्हणून टनाच्या आधी पोच बघा, आणि ज्या भोकात पिन जाणार आहे त्या भोकाशेजारचा आकडा तेवढा खरा माना.

हे असं का होतं ते एकदा डोक्यात बसलं की मग चुका कमी होतात. जॅक बूमला खांबाच्या जवळ लावलेला असतो आणि वजन लांब टोकाला, त्यामुळे जॅकवर वजनाच्या कितीतरी पट जोर येतो, म्हणूनच दोन टनी क्रेनला आठ टनी जॅक दिलेला असतो. बूम जितका लांब तितका हा जोर वाढतो. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रेन उलटू नये. हूकचा लंब जमिनीवर जिथे पडतो ती जागा पुढच्या चाकांच्या रेषेच्या अलीकडेच असली पाहिजे, ती रेषा ओलांडली की मग जॅक कितीही ताकदीचा असू दे, मागची चाकं उचलली जातात. मी पहिल्यांदा बूम लावल्यावर हूकला ओळंबा बांधून खाली बघितलं होतं, पाच मिनिटांचं काम आहे, आणि जो मानसिक आराम मिळतो तो मोठा आहे.

आता क्रेनबद्दल. जोडणी सोपी, धाकट्या भावाला मदतीला घेतलं होतं कारण खांब आणि पाया मिळून एकट्याला उचलत नाही, पूर्ण क्रेन ऐंशी किलोच्या आसपास आहे. पाय वर घडी होऊन पिनने अडकतात आणि मग ती भिंतीला लागून उभी राहते, जागा फार खात नाही. वेल्डिंग मी नीट तपासलं, खांब जिथे पायाला मिळतो तिथलं खास बघा, माझं सलग आणि भरीव होतं. रंग मात्र पिनच्या भोकांत जाडसर बसलेला होता, पिना आत जाईनात, कानशीने साफ करून घ्यावं लागलं.

जॅक पहिल्या दिवशी स्पंजासारखा चालत होता, चार-पाच वेळा हँडल मारलं की एकदा उचलायचा. हा दोष नाही, प्रवासात जॅक आडवा पडलेला असतो त्यामुळे तेलात हवा शिरलेली असते. रिलीज व्हॉल्व्ह (दाब सोडून बूम खाली आणणारा) उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा पूर्ण पंप मारायचा, मग व्हॉल्व्ह बंद करून रिकामाच वर नेऊन खाली आणायचा, असं दोन-तीनदा केलं की हवा निघते. तेल कमी वाटलं तर हायड्रॉलिक जॅकचंच तेल घाला. ब्रेक ऑइल घालू नका, आतली सीलं त्या तेलासाठी बनलेली नसतात, ती फुगतात आणि मग जॅक कायमचा गळायला लागतो.

खरी तक्रार रिलीज व्हॉल्व्हची आहे आणि एक गुण तिथेच कापला. वर उचलायला कुठलीही क्रेन चांगलीच असते, खाली उतरवताना तिची परीक्षा होते. या व्हॉल्व्हमध्ये हँडलचं टोक अडकवून फिरवायचं, आणि बंद ते उघडं यातलं अंतर इतकं थोडं आहे की जरा हात जास्त गेला तर इंजिन हातभर खाली येतं. रिकामी असताना तर ती मुळीच उतरत नाही, बूमवर हाताने दाब द्यावा लागतो, त्यामुळे रिकाम्या क्रेनवर सराव करून वजनाचा अंदाज येत नाही. मी काय केलं, तर व्हॉल्व्हवर आणि बाजूच्या लोखंडावर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारली, बंद असताना त्या समोरासमोर येतात. मग हँडल टोकाला धरून, म्हणजे जास्तीत जास्त लांबीवर धरून, रेघ अगदी दोरा दोरा सरकवायची. लांब हँडलमुळे हाताची हालचाल मोठी आणि व्हॉल्व्हची छोटी होते. आणि पहिल्या वेळी इंजिन काढताना नाही तर आधी शंभर-दीडशे किलोचं काहीतरी निर्जीव वजन बांधून जमिनीपासून वीतभर उंचीवर वीस-पंचवीस वेळा वर-खाली करून बघा. मी जुनी चाकं आणि लोखंडी पट्ट्या एकत्र बांधल्या होत्या. त्या एका संध्याकाळच्या सरावाचा पुढे फार उपयोग झाला.

दुसरी गोष्ट, बूमचं टोक सरळ वर जात नाही, ते कमानीत जातं. हे कुणी सांगत नाही आणि पहिल्यांदा इंजिन एकदम फायरवॉलकडे सरकताना दिसलं की छातीत धस्स होतं. बूम आडव्या रेषेच्या खाली असताना वर उचललं तर टोक क्रेनपासून लांब, म्हणजे गाडीच्या आत सरकतं, आडवा झाला की काही अंतर जवळपास सरळ, आणि त्याच्या वर गेला की टोक क्रेनकडे परत येतं. बूम सव्वा मीटर असेल आणि आडव्यापासून तीस अंश वर गेला तर टोक सोळा-सतरा सेंटिमीटर मागे येतं, इंजिनच्या खोलीत एवढं अंतर म्हणजे सगळंच. क्रेनची चाकं मोकळी असतील तर क्रेन स्वतः पुढेमागे सरकून हे जुळवून घेते आणि इंजिन जागीच राहतं, चाक अडलं तर इंजिन झुलतं. म्हणून काम सुरू करण्याआधी जमीन झाडून घेणं हे मी आता नियम म्हणून करतो, एक साधा वॉशर चाकाखाली आला तरी क्रेन तिथेच थांबते. चाकं लहान आहेत, फरशीच्या सांध्यातसुद्धा अडतात. खडबडीत जमीन असेल तर जाड प्लायवूड अंथरा, आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर चाक येणार नाही असं बघा.

पायांची उंची हा मुद्दा विकत घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. क्रेनचे पाय गाडीच्या खालून आत जातात. गाडी जॅक स्टँडवर (गाडी खालून धरणारे लोखंडी टेकू) उचललेली असेल तर ते सहज जातात पण मग स्टँड पायांच्या मार्गात येतात, आणि गाडी जमिनीवर असेल तर बंपर किंवा क्रॉसमेंबर (गाडीखालची आडवी लोखंडी पट्टी) पायांवर टेकतो. माझ्या पहिल्या गाडीला मधला मार्ग काढावा लागला, पुढची चाकं लावलेलीच ठेवली आणि चाकांखाली जाड लाकडी फळ्या घालून गाडी चार बोटं वर घेतली. याचा अजून एक फायदा म्हणजे उंची वाया गेली नाही. गाडी जितकी वर, तितकं इंजिन जास्त वर उचलावं लागतं, रेडिएटरच्या वरच्या पट्टीच्या पलीकडे गिअरबॉक्सची शेपटी काढायची तर हूक डोक्याच्या वर जातो, आणि त्यात लेव्हलर स्वतःच हातभर उंची खातो. खालचं काम, म्हणजे सायलेन्सरचा पाइप, गिअरबॉक्सचे खालचे बोल्ट, क्लचची केबल, हे स्टँडवर उचलून उरकून घ्या आणि मग गाडी खाली आणूनच क्रेन लावा.

आता लेव्हलर. माझं स्पष्ट मत आहे की क्रेन कुणाकडून उसनी आणा पण लेव्हलर स्वतःचा ठेवा. एक आडवी दांडी, तिच्यातून जाणारा लांब स्क्रू, स्क्रूवर सरकणारी कडी जी क्रेनच्या हूकमध्ये अडकते, आणि दोन्ही टोकांना मिळून चार साखळ्या. हँडल फिरवलं की कडी पुढेमागे सरकते, वजनाचा मध्य बदलतो आणि इंजिन पुढून किंवा मागून खाली झुकतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढताना हे झुकणं लागतंच, गिअरबॉक्सची शेपटी खाली बोगद्यात असते आणि इंजिनाचं नाक वर करून तिरकं तिरकं बाहेर घ्यावं लागतं, मग बाहेर आल्यावर परत सरळ करायचं. हेच साध्या साखळीने करायचं तर दोन माणसं इंजिनावर लोंबकळतात, एक जण पहार घालतो, आणि कुणाची तरी बोटं मध्ये सापडतात. लेव्हलर असला की एका हाताने हँडल फिरवत अंशाअंशाने कोन बदलता येतो. पहिलं इंजिन मी आणि भाऊ अशा दोघांनीच काढलं, त्याने गिअरबॉक्सच्या शेपटीवर हात ठेवून दिशा दिली, बाकी सगळं स्क्रूने केलं.

स्क्रू कोरडा येतो. ग्रीस लावल्याशिवाय वापरू नका, वजनाखाली तो इतका जड फिरतो की हँडल वाकेल असं वाटतं, आटेही खरवडले जातात. जाड ग्रीस भरपूर लावलं की कडी हलकी सरकते. वापरून झाला की पुसून परत लावायचं कारण त्यावर लोखंडी कीस चिकटतो. लेव्हलरची मर्यादाही क्रेनपेक्षा कमी असते हे विसरू नका, माझ्यावर ६८० किलो लिहिलंय. क्रेन दोन टनाची म्हणून सगळी व्यवस्था दोन टनाची होत नाही, सगळ्यात कमजोर कडी जेवढी तेवढीच ती व्यवस्था.

आणि ती कमजोर कडी बहुतेक वेळा बोल्ट असतो. लेव्हलरबरोबर आलेल्या बोल्टवर कसलाही ग्रेडचा शिक्का नव्हता. पहिल्या इंजिनाच्या वेळी मी तेच लावले, वजन घेतल्यावर एक बोल्ट केळ्यासारखा वाकलेला दिसला, इंजिन माउंटिंगपासून (ते गाडीत ज्यावर बसतं ते टेकू) बोटभरच उचललेलं होतं म्हणून लगेच खाली टेकवता आलं. तेव्हापासून फक्त ८.८ किंवा १०.९ शिक्का असलेले बोल्ट, जाड वॉशर, आणि बोल्टचा गळा साखळीच्या कडीला घट्ट दाबून धरेल एवढाच लांब. बोल्ट लांब झाला आणि साखळी ब्लॉकपासून सुटून बाहेर राहिली की तिथे तरफ होते आणि चांगला बोल्टही वाकतो. आटे किती आत जातात तेही बघा, लोखंडी ब्लॉकमध्ये बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आणि अॅल्युमिनियममध्ये दुप्पट. अॅल्युमिनियमच्या भोकात दोन आट्यांवर शंभर किलो लटकवणं म्हणजे आटे तर जातातच, हेडसुद्धा कामातून जाऊ शकतं. कंपनीने इंजिनाला उचलायच्या कड्या दिलेल्या असतील तर त्याच वापरा, त्या बहुतेक वेळा एक पुढच्या एका बाजूला आणि एक मागच्या दुसऱ्या बाजूला अशा तिरप्या असतात, वजनाचा मध्य बघूनच दिलेल्या असतात. इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणारा पाइपांचा जोड) साखळी बांधू नका, आजकाल तर तो प्लास्टिकचाच असतो.

साखळीच्या कोनाबद्दल थोडं खोलात जातो, कारण यात लोक सर्रास चुकतात. दोनशे किलोचं इंजिन दोन साखळ्यांवर आहे, तर प्रत्येकीवर शंभर येईल असं वाटतं, पण ते साखळ्या सरळ उभ्या असतील तरच. आडव्या रेषेशी साठ अंश कोन असेल तर प्रत्येकीवर ११५ च्या आसपास, पंचेचाळीसला १४१, आणि तीस अंशाला प्रत्येक साखळीवर पूर्ण दोनशे किलो. शिवाय तीस अंशाला इंजिनावरच्या दोन्ही कड्या एकमेकींकडे जवळपास १७३ किलोने ओढल्या जातात, म्हणजे ज्या पट्टीला वरून खेचायचं म्हणून बनवलंय तिला आपण आडवं खेचतोय. उंची वाचवायला साखळी आखूड करायचा मोह होतो, साठ अंशाच्या खाली जायचं नाही हे मी ठरवून टाकलंय. साखळीसुद्धा वजन उचलायच्या ग्रेडची हवी, ८० किंवा १००, कडीवर आकडा कोरलेला असतो, ८ मिलिमीटरची ८० ग्रेडची साखळी दोन टनाला चालते. सामान बांधायची साखळी किंवा गाडी ओढायचा पट्टा नको, तो ताणला जातो आणि इंजिन झोके घेतं. पॉलिस्टरचे उचलायचे पट्टे चांगले असतात, जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन अशी रंगाची ओळख आहे, पण कास्टिंगच्या धारदार कडेवरून जात असेल तर मध्ये जाड रबर घाला.

क्रेनशिवाय दुसरे मार्ग मी वापरून बघितलेत म्हणून तुलना करतो. चेन ब्लॉक, म्हणजे हाताने साखळी ओढून चालणारी गिअरची कप्पी, ही मला एका बाबतीत क्रेनपेक्षा जास्त आवडते. वजन तिथल्या तिथे थांबतं, आत ब्रेक असतो, साखळी सोडली की सोडली, आणि खाली आणताना कडी कडी मोजून आणता येतं, सरळ वर-खाली, कमान नाही काही नाही. परत बसवताना हा बारीकपणा सोन्यासारखा असतो. पण लटकवायचा कशाला? छताच्या तुळईला अडकवणारे लोक बघितलेत, ती तुळई छत धरायला असते, मधोमध एका जागी दोनशे किलो आणि वर झटके यासाठी तिचा हिशोब केलेला नसतो. मजबूत लोखंडी गॅन्ट्री (खांबांवर उभी केलेली आडवी तुळई) किंवा तीन पायांची घोडी असेल तरच. घोडीचे पाय खाली साखळीने एकमेकांना बांधायचे, नाहीतर ते फाकतात. आणि जागेवर लावलेल्या चेन ब्लॉकमध्ये इंजिन हलत नाही, गाडी मागे ढकलावी लागते, म्हणजे गाडीची चारही चाकं जमिनीवर हवीत. जागा आणि पक्की गॅन्ट्री असेल तर मी आजही चेन ब्लॉकच घेईन.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत बऱ्याचदा इंजिन वरून निघतच नाही, निघालं तरी रंग ओरबाडत निघतं. तिथे सबफ्रेमसकट (बॉडीला खालून बोल्टने लावलेली, इंजिन धरणारी चौकट) खाली उतरवायची पद्धत आहे. इंजिन, गिअरबॉक्स, सबफ्रेम सगळं एका ट्रॉलीवर टेकवायचं, बोल्ट सोडायचे आणि वरची बॉडी उचलायची. दोन खांबांची लिफ्ट असेल तर हा सगळ्यात सुंदर मार्ग आहे, सगळं मोकळं समोर येतं. लिफ्ट नसेल तर बॉडी तेवढी उंच स्टँडवर ठेवून खाली शिरायचं धाडस मी करणार नाही. माझं दुसरं इंजिन आडवं बसवलेलं, अॅल्युमिनियमचं, छोटं होतं आणि वरून निघालं, पण गिअरबॉक्सच्या बाजूला वजन जास्त असल्यामुळे लेव्हलर गाडीच्या आडवा लावावा लागला आणि त्याचं हँडल फेंडरवर आपटायला लागलं, फेंडरवर जाड गोधडी टाकून काम चालवलं. अशा गाडीत ड्राइव्ह शाफ्ट ओढायच्या आधी गिअरबॉक्सचं तेल काढून घ्या, नाहीतर सगळं तेल जमिनीवर आणि मग क्रेनची चाकं त्या तेलावर घसरतात. फक्त क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम असेल तर इंजिन काढूच नका, दोन्ही फेंडरच्या कडांवर टेकणारी सपोर्टची दांडी मिळते, तिला इंजिन लटकवून गिअरबॉक्स खालून काढता येतो.

उचलायच्या आधीची तयारी थोडक्यात. बॅटरीची निगेटिव्ह आधी, बोनेटच्या बिजागरीभोवती खूण करून मग बोनेट बाजूला, कूलंट आणि तेलं काढलेली, पेट्रोलच्या लाइनचा दाब सोडलेला. एसीचा कॉम्प्रेसर पाइप न सोडता बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवता येतो, गॅस सोडायची गरज नाही. प्रत्येक वायरच्या सॉकेटला चिकटपट्टी लावून नाव, आणि फोटो भरपूर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मागे ठेवायचा असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) फ्लेक्स प्लेटपासून, म्हणजे इंजिनाला लावलेल्या पातळ चकतीपासून, सोडून गिअरबॉक्सवरच राहू द्या.

मग पहिला पंप मारायचा आणि थांबायचं. माउंटिंगवरचं वजन कमी झालं की बोल्ट हलके निघतात. दोन बोटं उचला, सगळीकडे टॉर्च मारून बघा. माझ्या पहिल्या गाडीचं नाकच इंजिनाबरोबर वर यायला लागलं होतं, स्प्रिंगा सुटत होत्या, म्हणजे काहीतरी अजून जोडलेलं होतं. ती अर्थची जाड वायर होती, ब्लॉकच्या मागे, हात जाईल अशा जागी पण नजर जाणार नाही अशा. गाडी उठायला लागली की पंप मारणं बंद, हा संकेत कधीच खोटा नसतो.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवणार असाल तर त्याच्याखाली ट्रॉली जॅक द्या आणि इंजिन सरळ पुढे ओढा, इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून पुढे आलेला दांडा) क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत उचलायचं नाही. त्या शाफ्टवर इंजिनाचं वजन आलं की क्लच प्लेट वाकते. परत बसवताना हेच उलट आणि जास्त संयमाने, क्लच प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर आणलेली, क्रँकची पुली पान्याने जरा जरा फिरवत स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) जुळवायच्या. शेवटचं अंतर हाताने ढकलून मिटलं पाहिजे. मिटत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, बेलहाउसिंगचा (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलं जाणारं तोंड) कान तुटतो. दुसऱ्या इंजिनाला माझे यातच तीन तास गेले, लेव्हलरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि ते आपसूक आत सरकलं, कोन एवढासाच चुकत होता.

बाहेर आल्यावर लगेच खाली घ्या. क्रेन ढकलताना इंजिन जमिनीपासून वीतभर, बूम आत घेता येत असेल तर आत, आणि खाली किंवा समोर कुणी नको. हायड्रॉलिक क्रेन ही उचलायला आहे, धरून ठेवायला नाही. एकदा दुसरं इंजिन उशीर झाला म्हणून रात्रभर लटकत ठेवलं, सकाळी ते चार बोटं खाली उतरलेलं होतं, कुठे तेलाचा थेंबसुद्धा नाही, आतल्या व्हॉल्व्हमधून सावकाश दाब उतरला एवढंच. खाली मी लाकडी ठोकळे लावून ठेवले होते म्हणून फरक पडला नाही. आता इंजिन थेट स्टँडवरच घेतो. फ्लायव्हील आणि क्लच काढल्याशिवाय स्टँडची प्लेट बसत नाही, तेवढं काम मात्र लटकत्या इंजिनावर करावं लागतं, तेव्हा ऑइल संपखाली (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) ठोकळे घालून वजन अर्धं त्यावर टेकवून मगच पाना लावा. स्टँड चार चाकांचा घ्या, तीन चाकांचा वळवताना कलंडतो, तिसऱ्या इंजिनाला म्हणजे डिझेलला मी तीन चाकांचा वापरायची हिंमत केली नाही.

दोन वर्षांनी क्रेनची अवस्था अशी आहे: जॅक गळत नाही, एका पायाचं कॅस्टर (फिरतं चाक) खडखडतंय, बूमच्या शेवटच्या भोकाला पिनने किंचित लांबट केलंय त्यावर लक्ष ठेवून आहे. हूकची जीभ, म्हणजे साखळी निसटू नये म्हणून असते ती स्प्रिंगची पट्टी, ढिली झाली होती ती बदलली. काम झालं की जॅक पूर्ण आत बसवून ठेवतो, दांडा बाहेर राहिला तर त्यावर गंज धरतो आणि तोच गंज पुढच्या वेळी सील कापतो.